फाटकावरचा कोट

जुना कुत्रा गेला हे लांडग्याला कुणी सांगितलं कोण जाणे, पण आठवडा व्हायच्या आत पहिलं कोकरू गेलं. मग दुसरं. तिसऱ्या खेपेला लांडगा मेंढवाड्याच्या दगडी भिंतीवर चढून बसला होता. म्हाताऱ्याने पत्र्याचा डबा बडवून, घसा फाटेस्तोवर ओरडून त्याला हाकललं. तेव्हापासून म्हातारा फाटकाशीच अंथरूण टाकायचा. सकाळी खोकत उठायचा, लाल डोळ्यांनी चहा प्यायचा आणि तसाच कळप घेऊन टेकडी चढायचा. घरात माणसं तीन. म्हातारा, त्याचा मुलगा आणि सून. बोलणं त्याहून कमी.

फाटकाच्या खांबाला एक खुंटी होती आणि खुंटीला एक कोट. जाड लोकरीचा, गुडघ्यापर्यंत येणारा, कोपरांवर ठिगळं लावलेला. कधी काळी तो कुणाच्या तरी मापाने शिवला असेल, आता तो मेंढवाड्याचा होता. वाड्यात पाय टाकायचा तर आधी कोट अंगात घालायचा, मग तो म्हातारा असो, मुलगा असो की सून. दूध काढायला, लेंड्या झाडायला, कोकराला औषध पाजायला, सगळ्याला तोच. त्याला मेंढरांचा, दुधाचा, मुताचा असा काही वास होता की नवी सून पहिल्या दिवशी तो अंगात घालून बाहेर आली ती थेट विहिरीवर गेली होती. पुढे तिचं नाक मेलं, सगळ्यांचं मरतं तसं.

हा नियम म्हाताऱ्याचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. राखणीच्या कुत्र्याने माणूस ओळखायचा नाही. त्याने मेंढरं ओळखायची आणि कोट ओळखायचा. कोटाला येऊ द्यायचं, बाकी सगळ्यांना फाडायचं. त्यासाठी पिल्लाला हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, तुकडा द्यायचा तो लांबून जमिनीवर टाकायचा. जुना कुत्रा त्याने असाच वाढवला होता आणि त्या कुत्र्याच्या हयातीत लांडगा ओढ्याच्या अलीकडे आला नव्हता. हे खरंच होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

जागा निघाली ती मागच्या पावसाळ्यानंतर. एका मेंढीने फाटकाच्या गजांत डोकं अडकवून घेतलं. मान पिरगळली, जीभ बाहेर आली. मुलगा अंगणात काम करत होता. त्याने ते बघितलं आणि धावत आत घुसला, तसाच. कोट खुंटीवर राहिला. कुत्र्याने भुंकून इशारासुद्धा दिला नाही. उजव्या मनगटाला धरलं आणि हाड लागेपर्यंत सोडलं नाही.

हात वाचला, पण तीन बोटं मिटायची थांबली. हा मुलगा आसपासच्या सगळ्या कळपांत कातरीसाठी नावाजलेला होता. लोकर एकसंध उतरवायचा, गोधडी काढावी तशी. आता त्याच्या हातात साधी चहाची कपबशीही थरथरायची.

दुसऱ्या दिवशी म्हातारा कुत्र्याला घेऊन टेकडीमागे गेला. जाताना एका हातात दोरी होती, दुसऱ्या हातात फावडं. येताना फावडं तेवढं होतं. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला बसला आणि पहिला घास तोंडात घालायच्या आधी मुलाकडे न बघता म्हणाला, "कोट घालायला किती वेळ लागतो रे?"

मुलगा डाव्या हाताने जेवत राहिला. त्यानंतर हा प्रश्न दर चार-आठ दिवसांनी घरात निघायचा. मुलाचा हात मात्र म्हाताऱ्याने एकदाही बघितला नाही. पट्टी बदलताना तो बाहेर जायचा आणि पट्टी सुटली तेव्हाही तो बाहेरच होता.

अशा घरात पिल्लू आलं. म्हाताऱ्याने ते डोंगरापलीकडच्या एका मेंढपाळाकडून आणलं, पोत्यात, खाली लोकर घालून. मातकट रंगाचं, मोठ्या पंजांचं, पोट गच्च. जिचं कोकरू लांडग्याने नेलं होतं ती थोराड मेंढी दुधाने ठणकत उभी होती. म्हाताऱ्याने कोट घातला, गुडघ्यांत तिची मान धरली आणि पायाने सारून पिल्लू तिच्या कासेला लावलं. मेंढीने लाथ झाडली. पिल्लू भिंतीवर जाऊन आपटलं, कुईं करून परत आलं. पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा मेंढीने मान वळवून त्याला हुंगलं आणि उभी राहिली. काय करणार, कास फुटायची वेळ आली होती.

"बघितलं?" म्हातारा बाहेर येऊन कोट खुंटीला लावत म्हणाला. "आता ही त्याची आई. कुणी हात लावायचा नाही. नाव ठेवायचं नाही. कोटाशिवाय आत पाऊल नाही."

सून दारात उभी होती. तिने विचारलं, "आणि कातरणाऱ्यांचं काय, मामंजी?"

हा प्रश्न कुणालाच नको होता. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी कातरणाऱ्यांची टोळी यायची. मुलगा हाताशी होता तोवर टोळीतली दोनच माणसं पुरायची. यंदा सगळी टोळी लागणार होती. आणि त्यांच्या मुकादमाने दूधवाल्याबरोबर निरोप धाडला होता की त्या घरी तसला कुत्रा असेल तर आम्ही फाटकाच्या आत येणार नाही, मेंढरं बाहेर आणून द्या. वाड्याबाहेर कातरीला धरलेली मेंढरं कशी उधळतात हे मुकादमालाही ठाऊक होतं. म्हणजे येणार नाही, असाच निरोप होता. आणि लोकर अंगावर राहिली तर त्या उन्हात मेंढरं तोंडातून फेस काढून बसतात.

"तेव्हा बांधून ठेवू," म्हातारा म्हणाला.

"बांधलेला जास्त चवताळतो."

"तुला फार कळतं."

तिला कळत होतं. तिचा बाप लाकडाच्या वखारीवर राखणदार होता. तिथली कुत्री दिवसभर हमालांच्या पायांत लोळायची आणि अंधार पडला की त्याच हमालाला भिंतीवरून उडी मारू द्यायची नाही. बाप प्रत्येक पिल्लाला कोवळेपणीच सगळी माणसं दाखवायचा. टोपीवाला, दाढीवाला, लंगडणारा, ओझंवाला. म्हणायचा, आत्ता बघून घेऊ दे, मग मोठेपणी दचकणार नाही. दचकलेलाच चावतो. पण हे सासऱ्याला सांगायचं म्हणजे वखारीची अक्कल मेंढवाड्यात आणल्यासारखं झालं असतं. ती दुसऱ्या दिवशी म्हातारा कळप घेऊन टेकडीआड झाल्यावर कोट न घालता आत गेली.

वाड्यात मागे राहिलेल्या पाच-सहा मेंढ्या, त्यांची कोकरं आणि पिल्लू. तिला बघताच पिल्लू थोराड मेंढीच्या पोटाखाली शिरलं आणि तिथंच मुतलं. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीला पाठ लावून, त्याच्याकडे कूस येईल अशी आडवी बसली आणि लोकरीतले काटे वेचायला लागली. कुत्र्याची भीती नव्हती, ते एवढंसं होतं. भीती म्हाताऱ्याची होती.

काही दिवस असेच गेले. ती बसायची, वेचायची, उठताना मुठीतला दुधात भिजवलेला तुकडा खाली ठेवायची. मग एकदा पायाच्या अंगठ्याला ओलं काही लागलं. मग बारीक दात. सुईसारखे. ती "अंऽ" म्हणून पाय काढून घ्यायची आणि तोंड फिरवायची. पिल्लू बुचकळ्यात पडायचं, पुन्हा यायचं, या वेळी हळू. चावण्याला एक हद्द असते हे तिने त्याला असं शिकवलं. बाकीचं मेंढीने शिकवलं. एकदा त्याने एका कोकराचा कान धरून ओढला. कोकरू ओरडलं. थोराड मेंढी दोन पावलं मागे सरली आणि अशी धडक मारली की पिल्लू हवेत गेलं. सून जागची उठली नाही. पिल्लू लंगडत कोपऱ्यात गेलं आणि संध्याकाळपर्यंत तिथून कोकरांकडे बघत राहिलं. पुन्हा त्याने कान धरला नाही.

मग तिने माणसं आणायला सुरुवात केली. पहिला दूधवाला. तो सायकलवर कॅन खडखडवत यायचा आणि मुळात बडबड्या.

"म्हणजे मी आत जाऊन नुसता बसू?"

"नुसते बसा. हाक मारू नका, डोळ्यांत बघू नका. आडवे बसा. हा तुकडा हातात खाली धरा. त्याला यायचं तर येईल."

"वहिनी, माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेलो तेव्हा मला अगदी हेच सांगितलं होतं." तो बसला. कॅनचं झाकण पडलं, पिल्लू उडालं, पळालं, मग कुतूहलाने झाकण हुंगायला आलं. "आला बघा पाहुणा," दूधवाला कुजबुजला. नाव ठेवायचं नाही असा हुकूम होता, पण नाव काय कुणी ठेवायला लागतं? पाहुणाच पडलं.

त्यानंतर शेजारची लोहारीण आली, तिची तीन कच्चीबच्ची घेऊन. मग छत्रीवाला पोस्टमन. मग कुबडी घेऊन चालणारा खालच्या आळीतला सुतार. प्रत्येकाला सून तेच सांगायची. प्रत्येक जण तिच्याबरोबर आत यायचा आणि तिच्याबरोबरच बाहेर पडायचा. एकट्याने कुणी फाटकाला हात लावला की पिल्लू फाटकाशी जाऊन आपल्या फुटक्या आवाजात भुंकायचं आणि ती त्याला भुंकू द्यायची. झोपायला ते मेंढ्यांतच होतं. तिने त्याला एकदाही उचलून वाड्याबाहेर आणलं नाही, मनात कितीही आलं तरी.

एकच माणूस येत नव्हता.

"अहो, जरा इकडे या."

"काम आहे."

"काय काम?"

"आहे काहीतरी." नवरा बादली डाव्या हातात घेऊन विहिरीकडे चालू लागायचा. विहिरीची सरळ वाट मेंढवाड्याच्या भिंतीला लागून होती. तो घरामागून, शेणाच्या उकिरड्यावरून वळसा घालून जायचा. पिल्लू भुंकलं की त्याच्या मानेवर घाम यायचा. एवढा मोठा माणूस आणि एवढंसं कुत्रं. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लाज बायकोला दिसते याची आणखी लाज वाटत होती.

एका दुपारी म्हातारा लवकर उतरला. एका मेंढीच्या खुरात काटा मोडला होता. तो तिला खांद्यावर घेऊन फाटकाशी आला तेव्हा आत दूधवाला मांडी घालून बसला होता आणि पाहुणा त्याच्या बुटाची नाडी सोडवत होता. कोट खुंटीला जिथल्या तिथे.

म्हाताऱ्याने मेंढी खाली ठेवली. खुंटीवरून कोट काढला, सावकाश घातला, सगळी बटणं लावली. मग आत आला.

"ऊठ."

दूधवाला उठला. नाडी तशीच लोंबत, कॅन घेऊन चालता झाला. त्याच्या आयुष्यात तो एवढ्या कमी शब्दांत कुठून निघाला नसेल.

"किती दिवस?" म्हाताऱ्याने सुनेला विचारलं.

"पहिल्यापासून."

"माझ्या पाठीमागे."

"तुमच्यासमोर तुम्ही करू दिलं नसतं."

"कुत्रा नासवलास तू. उद्या लांडगा आला की त्याची नाडी सोडवेल हा."

"लांडगा बघून काय करायचं ते त्याच्या रक्तात आहे, मामंजी. माणूस बघून काय करायचं ते शिकवावं लागतं. जुन्याला कुणी शिकवलं नव्हतं."

जुन्याचा उल्लेख त्या दिवसानंतर घरात कुणी केला नव्हता. म्हाताऱ्याचा चेहरा आकसला. तो फाटकाबाहेर गेला आणि गोठ्यातून फावडं घेऊन आला. पण त्याने ते फाटकाच्या खांबाला टेकवून ठेवलं, कोटाच्या खालीच.

"कातरणीपर्यंत," तो म्हणाला. "त्या दिवशी कुणाला दात लावला, किंवा मेंढरं सोडून माणसांच्या मागे शेपूट हलवत फिरला, तर हे इथंच आहे. मग मला थांबवायचं नाही."

"थांबवणार नाही," ती म्हणाली. आपण काय बोलून बसलो हे तिला घरात गेल्यावर कळलं आणि ती चुलीपुढे बसून रडली.

नवऱ्याने सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती काटे वेचत असताना फाटक करकरलं. तो आत आला होता. कोटाशिवाय. चेहरा पांढराफटक, उजवा हात पोटाशी धरलेला. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "काही बोलू नकोस."

पाहुणा आला. एव्हाना तो चांगला वाढला होता, मान मेंढ्यांच्या पोटाला लागत होती. त्याने नवऱ्याचा गुडघा हुंगला, मग पोटाशी धरलेला हात. व्रणावर नाक टेकवलं आणि चाटलं. नवऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले. जमलं तेवढं सहन केलं, मग उठला आणि भिंतीपलीकडे जाऊन ओकला. पाणी पिऊन, तोंड पुसून परत आला आणि पुन्हा बसला.

"त्या जुन्याला मी एकदा तरी असा भेटलो असतो..." तो म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडलं.

त्यानंतर तो रोज यायला लागला. विहिरीलाही सरळ वाटेने जायला लागला.

म्हातारा मात्र आणखी कडक झाला. ऊन तापायला लागलं तरी कोटाचं एक बटण सुटेना. पाहुण्याला तो आता कळपाबरोबर टेकडीवर न्यायचा, तेही कोट अंगात घालूनच. पहाटे कोट चढायचा तो पाहुण्याला वाड्यात बंद करून बाहेर आल्यावरच उतरायचा. कपाळावरून घाम गळायचा, खोकला बळावला होता. एका संध्याकाळी जेवताना तो भिंतीकडे बघत म्हणाला, "आज लांडगा ओढ्यापलीकडे दिसला होता. हा मध्ये उभा राहून भुंकला. गेला तो." एवढंच. नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो म्हातारा शब्द मागे घ्यायचा.

मुकादम आधी एकटाच बघायला आला. जाडजूड, मिशाळ. सुनेने त्याला आत नेलं, बसवलं, पाहुण्याने त्याच्या मिशा हुंगल्या. "सासुरवाडीत इतकी तपासणी झाली नव्हती," तो म्हणाला आणि दिवस ठरवून गेला.

कातरणीच्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला. टोळी आली, कातऱ्यांना दगडावर धार लागली. म्हातारा कोट घालून पाहुण्याजवळ उभा होता आणि त्याचं लक्ष कातरणीकडे नव्हतं. तो एकेका माणसाकडे आणि कुत्र्याच्या कानांकडे बघत होता. सून माणसांना दोघा-दोघांनी आत नेत होती. पाहुणा प्रत्येकाला हुंगायचा आणि मेंढरांत जाऊन उभा राहायचा. पहिली मेंढी आडवी झाली, कातरी करकरायला लागली, मेंढी ओरडली. पाहुणा उठला. तो मेंढीपाशी गेला, तिचं तोंड चाटलं, कातरणाऱ्याच्या कोपराला नाक लावलं आणि तिथंच बसला. मुकादम हसला. म्हातारा हसला नाही, पण त्याने बाहेर येऊन पाणी मागितलं.

दुपार चढली. लोकरीचा ढीग कमरेपर्यंत आला. घामाने सगळ्यांच्या अंगाला लोकर चिकटलेली. म्हाताऱ्याला उन्हाने भोवळ आली तेव्हा मुकादमाने त्याला जबरदस्तीने फाटकाबाहेर सावलीत बसवलं आणि नवऱ्याने त्याच्या अंगातला कोट काढून खुंटीला लावला. तेवढ्यात आत एक गाभण मेंढी गोंधळाने वेळेआधी व्यायली. कोकरू ओलं, लिबलिबीत, श्वास धड घेत नव्हतं. सुनेने हाताला आलं ते ओढलं. खुंटीवरचा कोट आला. तिने त्यात कोकरू गुंडाळलं आणि चुलीच्या उबेला ठेवायला घरात धावली.

आणि त्याच वेळी नुकत्या कातरलेल्या, बावरलेल्या एका मेंढीने फाटकाच्या गजांत डोकं घातलं. मागे ओढलं, निघेना. आणखी ओढलं, मान पिरगळली. कातरणारे पलीकडच्या टोकाला होते. जवळ होता तो म्हातारा. त्याने मेंढीची जीभ बघितली आणि उठला. खुंटीकडे हातही गेला नाही. फाटक ढकललं, टेकवलेलं फावडं आडवं आलं ते हातात धरलं आणि आत शिरला.

गुरगुर ऐकू आली.

पाहुणा मेंढी आणि म्हातारा यांच्यामध्ये उभा होता. मानेवरचे केस उभे, ओठ मागे, दात दिसत होते. तो म्हाताऱ्याला बघत होता आणि ओळखत नव्हता. कसा ओळखणार? हा उघड्या बाह्यांचा, हातात लोखंड घेतलेला, काटकुळा माणूस त्याने वाड्याच्या आत कधी बघितला नव्हता. गावातली सगळी माणसं त्याला माहीत होती. हा एकच राहिला होता.

कातऱ्या थांबल्या. मुकादम "अरे अरे" म्हणाला आणि जागीच राहिला. सून कोकरू ठेवून दारात आली आणि तिने बघितलं. कुणाकुणाला आणायचं राहिलं म्हणून तिने रात्रंदिवस डोकं खाजवलं होतं. तिच्या डोळ्यांपुढे रोज वावरणारा माणूस तिला सुचला नव्हता.

म्हाताऱ्याचं फावडं वर गेलं. पाहुणा एक पाऊल पुढे आला. मेंढी घरघरत होती.

"बाबा, हलू नका," कुणीतरी म्हणालं. नवरा होता. तो भिंतीवरून आत उतरला, कोटाशिवाय. कुत्र्याच्या अगदी जवळून, अंगाला अंग घासत पुढे गेला. पाहुण्याचा कान त्याच्याकडे वळला, तेवढाच. नवऱ्याने डाव्या हाताने मेंढीची हनुवटी धरली, उजव्या हाताची ती न मिटणारी बोटं गजांत सरळ घालून पाचर मारावी तशी तिच्या कानामागे सारली आणि डोकं फिरवून बाहेर काढलं. मेंढी कोसळली, मग पाय झाडत उठली.

गुरगुर थांबली नव्हती.

"फावडं ठेवा, मामंजी," सून फाटकाशी येऊन म्हणाली. "खाली ठेवा. हळू. डोळ्यांत बघू नका. आडवे वळा. बसा."

"बसू?" म्हातारा म्हणाला. सगळी टोळी बघत होती. ज्या वाड्यात त्याचं पाऊल पडलं की मेंढरं वाट सोडायची, त्या वाड्यात त्याचंच कुत्रं त्याला उभं राहू देत नव्हतं. रागाने त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. तो कुत्र्यावर संतापला होता की स्वतःवर, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"बसा, बाबा," मुलगा म्हणाला.

आता बोलायची वेळ होती. इतके महिने ऐकून घेतलेला प्रश्न परत फेकायची इतकी आयती वेळ पुन्हा आली नसती. मुलगा दुसरं काही बोलला नाही.

म्हाताऱ्याने फावडं लेंड्यांत ठेवलं. गुडघे मोडत, भिंतीला धरत तो खाली बसला, आडवा, दूधवाला बसला होता तसा. सुनेने लांबून तुकडा टाकला. त्याने तो उचलून खुल्या हातावर, खाली धरला.

पाहुणा बराच वेळ जागचा हलला नाही. मग मान लांब करून आला. हात हुंगला. तुकडा घेतला नाही. कोपर हुंगलं, काख हुंगली, दाढी हुंगली, पुन्हा हातावर आला. कोटाच्या आत इतके दिवस जो माणूस होता तो त्याला आता सापडत होता. शेपटी एकदा हलली. मग त्याने तुकडा उचलला आणि म्हाताऱ्याच्या मांडीला अंग टेकून खायला बसला.

म्हाताऱ्याने हात वर केला. कुठे ठेवायचा ते त्याला माहीत नव्हतं. शेवटी मानेवर ठेवला.

"आजोबा, कोट आणून देऊ?" मुकादमाने विचारलं.

"कुठं आहे तो?"

"कोकराखाली घातलाय, मामंजी," सून म्हणाली.

"मग राहू दे."

कातऱ्या पुन्हा सुरू झाल्या. म्हातारा उठला नाही. कुत्र्याच्या मानेवरचा हातही काढला नाही. बोलला तेव्हा फक्त शेजारी उभ्या मुलालाच ऐकू आलं.

"त्या जुन्याला मी एकदाच हात लावला. खड्ड्यात ठेवताना. अजून गरम होता."

मुलगा त्याच्या शेजारी खाली बसला. म्हाताऱ्याने दुसरा हात पुढे केला, तळवा वर करून, थोडा खाली धरून, नुकता शिकला होता तसा.

"तुझा हात दाखव इकडे," तो म्हणाला. "बघू दे मला."